भूमिका, निवड आणि परिणाम : मोक्षपटापासून भूमिकाप्रधान संगणकीय खेळापर्यंतचा इतिहास

प्रस्तावना

मानवी संस्कृतीच्या इतिहासात खेळाला महत्त्वाचे स्थान असले, तरी इतिहासलेखनात खेळाची दखल क्वचितच घेतली जाते. राजसत्ता, युद्धे, करपद्धती, धर्मसुधारणा या विषयांवर विपुल लेखन होते. परंतु त्या त्या काळातील माणसे फावल्या वेळात कोणता पट मांडून बसत होती आणि त्या पटावर त्यांनी जगाचे कोणते नियम गृहीत धरले होते, हा प्रश्न बहुधा सांस्कृतिक इतिहासाच्या तळटीपेत जातो. वस्तुतः खेळ हे समाजाच्या नीतिकल्पनांचे संक्षिप्त रूप असते. कोणत्या कृतीला बक्षीस मिळावे, कोणत्या कृतीला शिक्षा व्हावी, यश हे दैवाधीन की प्रयत्नाधीन, याची उत्तरे खेळाच्या नियमांतच दडलेली असतात.

संगणकीय खेळांच्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्यास खेळाडू 'आरपीजी' म्हणतात. मराठीत त्याला भूमिकाप्रधान खेळ म्हणता येईल. खेळणारी व्यक्ती योद्धा, मांत्रिक, चोर, धर्मगुरू अशी एखादी भूमिका स्वीकारते आणि एका कल्पित, अद्भुतरम्य जगात वावरू लागते. या प्रकारातील ज्या खेळांत कथानक खेळाडूच्या निर्णयांवर बेतलेले असते, त्यांत कोणाला वाचवावे, कोणाशी खोटे बोलावे, कोणते वचन पाळावे, हे खेळाडूने ठरवायचे असते आणि त्याप्रमाणे पुढील कथा बदलते.

हा विषय ग्रामीण महाविद्यालयांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यात पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान निडी हे लहानसे स्थानक लागते. पेण-रोहा पट्ट्यातील निडीसारख्या गावांतही आज भ्रमणध्वनी पोहोचला आहे आणि त्याबरोबर हे खेळही. प्राध्यापकवर्गात मात्र 'मोबाइलवरील खेळ' या एकाच शब्दप्रयोगाखाली जुगारापासून कथात्मक खेळांपर्यंत सर्व काही एकत्र टाकले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक स्वरूपाचे खेळ यांना त्यांपासून वेगळे मानले. कायद्याने केलेला हा भेद अध्यापनक्षेत्रानेही समजून घेणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात भूमिका, निवड आणि परिणाम या तीन घटकांच्या आधारे अशा खेळांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हे तीनही घटक मराठी परंपरेत प्राचीन काळापासून सुटे सुटे उपलब्ध होते. ते एकत्र आले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही अन्यत्र. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे परिणामांचा हिशेब ठेवणारा कोणीतरी. हा हिशेबनीस बदलत गेला, तसतसा खेळ बदलत गेला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मराठी परंपरेतील पूर्वपीठिका

भारतीय समाजाला फाशांच्या खेळाचे आकर्षण आणि भय दोन्ही फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची व्यथा आली आहे, तर महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंगाने संपूर्ण कथेला वळण दिले आहे. सारीपाट, सोंगट्या, कवड्या यांचे उल्लेख मराठी लोकजीवनात सर्वत्र आढळतात. परंतु या खेळांत जयपराजय होता. नीतीचा हिशेब नव्हता.

हा हिशेब पटावर आणणारा खेळ म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात मोक्षपटाचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा आहे. तिला समकालीन लिखित आधार नसला, तरी त्या परंपरेतून मराठी मनाने या खेळाला दिलेले स्थान स्पष्ट होते. उत्तर भारतात हाच खेळ ज्ञानचौपड या नावाने ओळखला जातो. आज उपलब्ध असलेले दिनांकित पट अठराव्या शतकापासूनचे आहेत. वैष्णव पटांत सामान्यतः ७२ घरे, तर जैन पटांत ८४ घरे आढळतात. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये पश्चिम भारतातील या खेळावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. या खेळाचा विचार धार्मिक साधनेच्या अंगाने करता येतो, हे अशा अभ्यासांमुळे अभ्यासकांपुढे आले.

मोक्षपटाची रचना सुपरिचित आहे. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. खाली जन्म, वर मोक्ष. येथे कृती आणि फल यांचा संबंध अत्यंत स्पष्ट आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दयेच्या घरात जाणारा खेळाडू दयाळू असतो म्हणून तेथे जात नाही. कवड्या तसे दान देतात म्हणून जातो. म्हणजे मोक्षपटात परिणाम आहे, पण निवड नाही. खेळाडूने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार दैवाकडे आहे आणि हिशेब कापडावर आधीच रंगवून ठेवलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये 'स्नेक्स अँड लॅडर्स' या नावाने रुजला. प्रारंभीच्या इंग्लिश पटांवर सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. पुढे ती गळून पडली आणि मुलांचा निव्वळ सापशिडीचा खेळ उरला. मूळचा नीतिपट परत भारतात आला तो अशा निर्नैतिक रूपात.

दुसरा घटक भूमिकेचा. कोकणात शिमग्याला सोंगे काढली जातात. दक्षिण कोकणात दशावतारी नाटकाची परंपरा आजही जिवंत आहे. दशावतारात संवादांची संहिता लिहिलेली नसते. नट रंगभूमीवर उभा राहून आपल्या पात्राचे बोलणे तत्क्षणी रचतो. भूमिकेत शिरून बोलणे म्हणजे काय, याचे याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण. तथापि तेथेही कथेचा शेवट ठरलेला असतो. संवाद कितीही रंगला, तरी दैत्य जिंकत नाही. म्हणजे तेथे भूमिका आहे, उत्स्फूर्तता आहे. कथेची दिशा बदलणारी निवड नाही.

२. पंचाच्या हाती हिशेब

निवड हा तिसरा घटक प्रथम युद्धाभ्यासातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी सैनिकी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ विकसित केला. त्यात दोन्ही पक्षांचे अधिकारी आपापले आदेश देत आणि एक पंच नियम, फासे व स्वतःचा अनुभव यांच्या साहाय्याने त्यांचे परिणाम जाहीर करी. पंच ही संकल्पना येथे निर्णायक आहे. पटावर जे रंगवलेले नाही असा निर्णयही खेळाडू घेऊ शकतो, कारण त्याचा परिणाम ठरवायला माणूस बसलेला आहे.

इ. स. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. युद्धखेळातील पलटणींच्या जागी एकेक व्यक्ती आली. प्रत्येक खेळाडूने एक पात्र निर्माण करावे आणि पंचस्थानी बसलेल्या व्यक्तीने कल्पित जगाचे वर्णन करावे, अशी त्याची पद्धती होती. खेळाडू आपण काय करतो ते शब्दांत सांगतो. पंच त्याचा परिणाम सांगतो. शंका असेल तेथे फासा टाकला जातो. भूमिका, निवड आणि परिणाम हे तीनही घटक येथे एकत्र आलेले दिसतात. मोक्षपटातील फासा येथेही आहे, परंतु त्याचे काम बदलले आहे. खेळाडू कोठे जातो हे फासा ठरवत नाही. खेळाडूने स्वतः ठरवलेली कृती यशस्वी होते की नाही, एवढेच तो सांगतो.

याच सुमारास पुस्तकांतूनही असा प्रयोग झाला. इ. स. १९७९ मध्ये अमेरिकेत 'चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर' ही बालपुस्तकमाला सुरू झाली. पानाच्या तळाशी दोन-तीन पर्याय देऊन वाचकाला त्यानुसार पुढील पानावर पाठवले जाई. येथे पंच नाही. लेखकाने सर्व वाटा आधीच लिहून ठेवल्या आहेत. संगणकीय खेळाने पुढे जी पद्धती स्वीकारली, तिचे हे साधे मुद्रित रूप होय.

३. यंत्राकडे गेलेला हिशेब

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाल्यानंतर अल्पावधीतच अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगणकांवर त्याची अनुकरणे होऊ लागली. इ. स. १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या दोन खेळांनी घरगुती संगणकावर हा प्रकार प्रस्थापित केला. पंचाची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही आणि विसरत नाही. परंतु यंत्राला समज नाही. प्रारंभीच्या खेळांत त्याने ठेवलेला हिशेब मुख्यतः शक्ती, सुवर्णमुद्रा आणि मारलेले राक्षस यांचाच होता. खेळाडूने गावातील दुकान लुटले काय किंवा गावकऱ्याला मारले काय, जगाचा तारणहार म्हणून त्याचा गौरव व्हायचा तो होतच असे.

या विसंगतीला उत्तर म्हणून रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार' हा खेळ इ. स. १९८५ मध्ये आला. मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट म्हणजे त्याच्या नावातील 'अवतार' हा संस्कृत शब्द. या खेळात अंतिम खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता आणि विनम्रता या आठ सद्गुणांची साधना करून खेळाडूने अवतारपदाला पोहोचायचे असते. खेळाचा प्रारंभ नैतिक पेचांच्या प्रश्नांनी होतो आणि त्यांच्या उत्तरांवरून खेळाडूची भूमिका निश्चित होते. पुढे एका दुकानात वनौषधी विकणारी आंधळी स्त्री भेटते. किती पैसे ठेवायचे, हे खेळाडूनेच सांगायचे असते. कमी पैसे ठेवले तरी त्या वेळी कोणी अडवत नाही. परंतु यंत्र त्याची नोंद घेते आणि प्रामाणिकपणाचा गुण उणा होतो.

मोक्षपट आणि 'अल्टिमा ४' यांचा प्रत्यक्ष संबंध दाखवणारा पुरावा नाही आणि तसा दावा येथे अभिप्रेतही नाही. परंतु दोहोंची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही खेळांत सद्गुणांची सोपानपरंपरा आहे. दोन्हींचे उद्दिष्ट शत्रूवर नव्हे, तर स्वतःवर विजय मिळवणे हे आहे. भेद एवढाच की मोक्षपटात कवडी माणसाला सद्गुणाच्या घरात नेते, तर येथे माणूस आपल्या वर्तनाने तेथे पोहोचतो. चित्रगुप्ताची वही प्रथमच खऱ्या अर्थाने उघडली गेली, असे म्हणता येईल. कारण नोंद करण्याजोगी कृती प्रथमच खेळाडूची स्वतःची होती.

४. गुणपट्टीपासून विलंबित परिणामापर्यंत

इ. स. १९९७ मधील 'फॉलआउट' या खेळाने हिशेबाची वेगळी पद्धत रूढ केली. अणुयुद्धानंतरच्या उजाड प्रदेशात फिरणाऱ्या खेळाडूला खेळ संपल्यावर त्याने भेट दिलेल्या वसाहतींचे पुढे काय झाले, ते एकेक करून सांगितले जाते. येथे परिणाम व्यक्तीच्या पापपुण्यात न मोजता समाजाच्या नशिबात मोजला गेला. इ. स. १९९८ मधील 'बाल्डर्स गेट' आणि इ. स. १९९९ मधील 'प्लेनस्केप : टॉरमेंट' या खेळांनी संवादाला मध्यवर्ती स्थान दिले. दुसऱ्या खेळाचा नायक स्मृती गमावलेला आणि मृत्यू न येणारा असून, आपल्याच पूर्वजीवनांतील कृत्यांची फळे तो भोगत असतो. पुनर्जन्म आणि कर्मविपाक या कल्पनांशी परिचित असलेल्या वाचकाला त्याचे कथासूत्र परके वाटणार नाही.

इ. स. २००३ नंतर काही लोकप्रिय खेळांनी सत्प्रवृत्ती आणि दुष्प्रवृत्ती यांची सरळ पट्टीच पडद्यावर मांडली. सत्कृत्य केले की काटा एका बाजूला, दुष्कृत्य केले की दुसऱ्या बाजूला. ही पद्धत सोपी होती. परंतु तिचा एक दोष लवकरच ध्यानात आला. पट्टी दिसत असली की खेळाडू विचार करीत नाही, गुण गोळा करतो. नीतीचा प्रश्न अंकगणिताचा होतो.

या पट्टीचा त्याग करणाऱ्या खेळांत पोलंडमध्ये तयार झालेला 'द विचर' हा इ. स. २००७ मधील खेळ महत्त्वाचा आहे. आंद्रेई सापकोव्हस्की यांच्या पोलिश कथांवर तो आधारलेला आहे. त्यात चांगला आणि वाईट असे दोन पर्याय क्वचितच समोर येतात. बहुधा दोन्ही पर्यायांत काही ना काही हानी असते. शिवाय निर्णयाचा परिणाम लगेच दिसत नाही, तर काही तासांच्या खेळानंतर प्रकट होतो. यामुळे जुन्या टप्प्यावर परत जाऊन निर्णय बदलण्याची खेळाडूची सवय निष्प्रभ ठरली. परिणाम उशिरा येतो, ही साधी गोष्ट या खेळाने तांत्रिक युक्तीने साध्य केली. प्रत्यक्ष इतिहासात ती नेहमीच खरी असते.

५. निवडीच्या मर्यादा

खेळाडूच्या स्वातंत्र्याविषयी जाहिरातींत जे दावे केले जातात, ते तपासून पाहणे आवश्यक आहे. एखाद्या कथेत प्रत्येकी दोन पर्यायांचे दहा निर्णय असतील आणि प्रत्येक निर्णयाने कथा पूर्णपणे वेगळी होणार असेल, तर १,०२४ शेवट लिहावे लागतील. निर्णय वीस असतील, तर ही संख्या १०,४८,५७६ होते. कोणत्याही लेखकवर्गाला हे शक्य नाही. म्हणून वाटा फुटतात आणि काही अंतरावर पुन्हा एकत्र आणल्या जातात. मधल्या निर्णयांची लहान लहान टिपणे यंत्र ठेवते आणि पुढे योग्य स्थळी एखादा संवाद, एखादे पात्र किंवा एखादा प्रसंग त्यांनुसार बदलते. निवडप्रधान खेळाचे कौशल्य वाटा वाढवण्यापेक्षा या टिपणांचा नेमका वापर करण्यात असते.

जेथे हे कौशल्य अपुरे पडते, तेथे खेळाडूचा अपेक्षाभंग होतो. 'मास इफेक्ट' या तीन भागांच्या मालिकेत (२००७, २०१० आणि २०१२) एका भागातील निर्णय पुढील भागात नेण्याची सोय होती. मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग प्रसिद्ध झाल्यावर, इतक्या वर्षांच्या निर्णयांचे प्रतिबिंब शेवटात उमटत नाही, अशी तीव्र नाराजी खेळाडूंनी व्यक्त केली. निर्मात्यांना जून २०१२ मध्ये शेवटाची विस्तारित आवृत्ती द्यावी लागली. तक्रार शेवट दुःखद असण्यापेक्षा आपला हिशेब नीट ठेवला गेला नाही, ही होती.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. यंत्र हिशेब ठेवते, परंतु काय नोंदवायचे हे माणसानेच ठरवलेले असते. जो पर्याय लेखकाने लिहिला नाही, तो खेळाडूला उपलब्ध नसतो. त्यामुळे लेखकाच्या समाजाची मूल्ये, त्याची भाषा, त्याला महत्त्वाचे वाटणारे पेच हेच खेळाडूच्या स्वातंत्र्याची सीमा ठरवतात. पंच माणूस असताना ही सीमा लवचीक होती. यंत्र आल्यावर ती निश्चित झाली.

६. भारतीय प्रयत्न

या पार्श्वभूमीवर भारतात झालेल्या दोन प्रयत्नांची तुलना उपयुक्त ठरते. पहिला 'अनरेस्ट' हा पायरोडॅक्टिल गेम्स या भारतीय संस्थेचा खेळ. इ. स. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारून जुलै २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्राचीन भारताच्या धर्तीवर कल्पिलेल्या राज्यात भीम्रा हे नगर दुष्काळ आणि असंतोष यांनी ग्रासले आहे. मानवांबरोबर नाग लोकही या जगात आहेत. खेळाडू एकाच वीराची भूमिका न घेता शेतकरी कन्या, राजकन्या, पुरोहित अशा भिन्न सामाजिक स्तरांतील व्यक्तींच्या भूमिका आळीपाळीने घेतो. शस्त्र चालवणे हा येथे क्वचितचा आणि धोक्याचा मार्ग आहे. बहुतेक प्रसंग संवादाने सुटतात किंवा चिघळतात. समोरच्या व्यक्तीच्या मनात मैत्री, भीती आणि आदर किती आहे, याची नोंद खेळ ठेवतो. एखादे पात्र मरण पावले तरी कथा थांबत नाही. दुष्काळ, विवाहाची सक्ती, सत्ताधाऱ्यांचे डावपेच हे पेच युरोपीय अद्भुतकथांतील नाहीत, ही या खेळाची जमेची बाजू. मात्र त्याची भाषा इंग्रजी आहे.

दुसरा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा इ. स. २०२० मधील खेळ. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका असून दुर्गा आणि विष्णू हे कथेचे निवेदक आहेत. भारतीय वास्तुकला, चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचे प्रसंग यांमुळे या खेळाची जगभर दखल घेतली गेली. पुढे इ. स. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांचीही भर पडली. परंतु कथानकाच्या दृष्टीने हा खेळ दशावतारी नाटकाच्या जवळचा आहे. राजीच्या वाटेवर पराक्रम आहे. कथेची दिशा बदलणारा निर्णय नाही.

दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. तथापि एक बाब स्पष्ट दिसते. वास्तू, वेशभूषा, देवता या रूपांनी भारतीय परंपरा संगणकीय खेळात सहज येते. पेच आणि पर्याय या रूपाने ती येणे अवघड असते. त्यासाठी चित्रकाराइतकाच, किंबहुना अधिक, लेखक लागतो.

७. भाषा आणि स्थानिक इतिहास

लेखकाचे हे महत्त्व अन्य देशांच्या उदाहरणांतून स्पष्ट होते. पोलंडमध्ये 'द विचर' मालिकेकडे राष्ट्रीय अभिमानाचा विषय म्हणून पाहिले गेले, इ. स. २०११ मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना तिचा दुसरा भाग भेट दिला. एस्टोनिया हा तेरा-चौदा लाख लोकसंख्येचा देश. तेथील रॉबर्ट कुर्विट्झ यांनी इ. स. २०१३ मध्ये एस्टोनियन भाषेत एक कादंबरी लिहिली. तिच्यातील कल्पित जगावरच 'डिस्को एलिझियम' हा इ. स. २०१९ मधील खेळ उभा राहिला. दहा लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर असलेल्या या खेळात लढाई जवळजवळ नाही. सारा खेळ संभाषणाचा आहे. जगाच्या बाजारात येताना त्याने इंग्रजीचा आश्रय घेतला, हे खरे. पण त्यामागील कल्पनाविश्व प्रथम एका लहान भाषेत साकारले होते.

इ. स. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम व संगणकीय खेळ या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरणाला मान्यता दिली. धोरणाने इमारती, यंत्रे आणि गुंतवणूक येऊ शकते. पण निडीचा विद्यार्थी खेळताना ज्या भाषेत निर्णय घेतो, ती भाषा धोरणाने बदलत नाही. ती लिहिणाऱ्यांनी बदलते. आज तो खोटे बोलायचे की खरे, हे इंग्रजी वाक्यांतून निवडतो. अहो, अगं, अरे, तुम्ही, आपण यांतील निवडीने मराठी माणूस नात्याचा आणि सत्तेचा जो सूक्ष्म हिशेब दररोज मांडतो, त्याला त्या वाक्यांत स्थान नाही.

निर्णय-पेचांची सामग्री तर रायगड जिल्ह्याच्या इतिहासातच विपुल आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे खोतांच्या अन्यायाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी इ. स. १९३३ पासून इ. स. १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इ. स. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. इ. स. १९३९ चा कुळकायदा आणि इ. स. १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा ही पुढील फलिते होत. पाठ्यपुस्तकात ही घटना चार ओळींत संपते आणि जणू ती तशीच घडणार होती असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात संपाच्या पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक कुळासमोर एक प्रश्न उभा होता : घरात दाणा नसताना शेत पडीक ठेवायचे की गुपचूप नांगर धरायचा? शेजाऱ्याने नांगर धरला तर त्याच्याशी कसे वागायचे? या निर्णयांची फळे कळायला सहा वर्षे लागणार होती, आणि कायद्याच्या रूपाने ती हाती यायला त्याहून अधिक. विलंबित परिणामाचे याहून ठसठशीत उदाहरण कोणत्या कल्पित राज्यात शोधायचे?

अलीकडील काळातील उदाहरणही जवळचेच आहे. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याच्या प्रश्नावर जनमत घेण्यात आले. भातशेती की नुकसानभरपाई, हा निर्णय त्या गावांतील कुटुंबांनी प्रत्यक्ष जगला आहे.

अशा विषयांवर खेळ रचण्यात धोकेही आहेत. खेळात मागे फिरता येते; इतिहासात येत नाही. खेळाडूने वाटेल तसा शेवट घडवावा आणि त्यालाच इतिहास समजावे, ही भीती अनाठायी नाही. या धोक्याची जाणीव काही खेळांनी स्वतःच दाखवली आहे. इ. स. २०१५ मधील 'अंडरटेल' या खेळात एखाद्याला मारून खेळाडू पुन्हा पहिल्या टप्प्यावर गेला, तरी आधीचे कृत्य खेळाच्या स्मरणात राहते. अध्यापनात याहून सोपा उपाय आहे. वर्गात यंत्राची गरज नाही. शिक्षकाने पंच व्हावे, विद्यार्थ्यांना कुळ, खोत, सावकार, मामलेदार अशा भूमिका द्याव्यात, निर्णय घेऊ द्यावेत आणि अखेरीस प्रत्यक्षात काय घडले ते कागदपत्रांच्या आधारे समोर ठेवावे. निर्णय आणि वास्तव यांतील अंतर हाच त्या तासाचा धडा ठरतो.

समारोप

भूमिका, निवड आणि परिणाम यांच्या इतिहासाचा हा आढावा घेतल्यावर पुढील बाबी लक्षात येतात. मोक्षपटाने परिणामांचा हिशेब कापडावर मांडला, परंतु निवड कवड्यांच्या हाती ठेवली. दशावतारासारख्या लोकनाट्याने भूमिका आणि उत्स्फूर्त संवाद दिला, परंतु कथेचा शेवट राखून ठेवला. विसाव्या शतकात पंचाच्या रूपाने माणूस हिशेबनीस झाला, तेव्हा तीनही घटक एकत्र आले; पुढे हे काम यंत्राकडे गेले आणि हिशेब अचूक झाला, पण लिहून ठेवलेल्या पर्यायांपुरता मर्यादितही झाला.

म्हणून आजचा प्रश्न यंत्राचा नसून लेखणीचा आहे. ज्या समाजाने पापपुण्याचा पट विणला आणि संहितेवाचून नाटक उभे केले, त्या समाजाच्या तरुणांना आपले पेच आपल्या भाषेत निवडायला मिळावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. मराठीचे अध्यापक संवाद लिहू शकतात, इतिहासाचे अध्यापक प्रसंग व कागदपत्रे देऊ शकतात, संगणकशास्त्राचे विद्यार्थी त्यांना खेळाचे रूप देऊ शकतात. हे तिन्ही विभाग बहुतेक महाविद्यालयांत एकाच इमारतीत असतात. त्यांनी एकत्र बसून प्रथम कागदावरच एखादा प्रसंग लिहून पाहावा. चरीच्या संपातील एका कुळाचा एक पावसाळा हा त्यासाठी पुरेसा प्रारंभ आहे.